कॉम्प्रेशन गेज माझ्याच हातात ठेवल्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

सहा महिन्यांनी पुन्हा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) बघ, असं तुम्ही बजावलं होतंत. काल बघितलं. आकडे शेवटी देतेच, पण आधी आभार. त्या दिवशी हात ऑइलने माखलेले होते आणि ते नीट मानायचे राहूनच गेले.

गाडी तेव्हा आयडलिंगला थरथरायची, चढावर दम टाकायची. एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल मिळाला होता: पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. मी गेज मिळवून स्वतः टेस्ट घेतली, तर चारही सिलिंडरांचा दाब ११० पीएसआयच्या खाली. माझा धीरच सुटला. जुन्या गाडीच्या इंजिनचं काम निघालं की जो तो भंगाराची भाषा करतो, आणि मला ती गाडी सोडायची नव्हती.

तुम्ही माझ्या आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाहीत. आधी विचारलंत, "इंजिन गरम होतं? चारही प्लग काढले होतेस? ॲक्सिलरेटर दाबून धरला होतास?" तिन्हींचं उत्तर 'नाही' होतं. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरमध्ये पुरेशी हवाच जात नाही, मग दाब कुठून येणार? बाकीचे प्लग जागेवर असले की स्टार्टरला त्या सिलिंडरांशीही झगडावं लागतं, इंजिन हळू फिरतं. त्यात माझी बॅटरी अर्धवट उतरलेली.

मग आपण सगळं पहिल्यापासून केलं. बॅटरी चार्ज, इंजिन गरम, कॉइलची वायर काढलेली, प्लगच्या वायरींना नंबर लावलेले. चोक पूर्ण उघडा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत. गेज तुम्ही माझ्याच हातात दिलात आणि स्वतः सेल्फ मारायला बसलात. प्रत्येक सिलिंडरला मोजून सहा धक्के, एक कमी नाही की जास्त नाही. पहिल्या सिलिंडरला काटा पहिल्याच धक्क्याला निम्म्यावर गेला आणि भराभर चढला. तिसऱ्याला तो सुरुवातीलाच रेंगाळला आणि पुढेही फारसा वर सरकला नाही. १५२, १४८, ९६, १५० पीएसआय.

"सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या पाऊण तरी हवा," तुम्ही म्हणालात. १५२ चे पाऊण ११४. म्हणजे तीन सिलिंडर ठणठणीत, आजारी एकटा तिसरा. शेजारशेजारचे दोन पडले असते तर आधी हेड गॅसकेटवर (इंजिनच्या हेडखालच्या सीलवर) संशय घेतला असता, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत.

मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं. रिंगा झिजल्या असतील तर ऑइल त्यांच्याभोवतीची फट भरतं आणि दाब चांगलाच वाढतो. आपला ९६ वरून १०१ झाला, बस्स. रिंगा गेल्याचा तो निकाल माझ्यासाठी तिथेच संपला. तो क्षण मी विसरणार नाही.

पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, अशा जागी इंजिन आणून तुम्ही प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडलीत आणि मला सायलेन्सरला कान लावायला सांगितलंत. बारीक, सलग फुसफुस. रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही, कार्ब्युरेटर शांत. गळती एक्झॉस्ट व्हॉल्व्हची होती. इंजिन थंड झाल्यावर टॅपेट कव्हर काढलं, तर त्या व्हॉल्व्हच्या टॅपेटच्या फटीत फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) सगळ्यात पातळ पातीही शिरेना. व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा धसला होता, त्यामुळे टॅपेटची फट संपली आणि तो पूर्ण बसतच नव्हता. सुदैवाने जळला नव्हता. फट पुस्तकाप्रमाणे लावली आणि दाब १४४ वर आला.

काका, इंजिन उतरवायची वेळ आली नाही, ती तुमच्यामुळे. तुम्ही हे सगळं एकट्याने माझ्याहून निम्म्या वेळात केलं असतंत. तरी दर वेळी पाना माझ्या हातात ठेवलात आणि मी चुकीचा नट धरला तेव्हा थांबलात. एवढ्या धीराने मला कुणीच काही शिकवलेलं नाही.

कालचे आकडे: १५१, १४८, १४२, १५०. तिसऱ्याच्या एक्झॉस्टची फट किंचित कमी झाली होती. ती पुन्हा लावली. सीट अजून धसतेय असं दिसतं, म्हणून पुढची तपासणी सहाऐवजी तीन महिन्यांनी करणार आहे. तारीख आणि आकडे तुमच्या पद्धतीने पुठ्ठ्यावर लिहून गाडीतच ठेवलेत.

तुमची कृतज्ञ,
तिसऱ्या सिलिंडरवाली