‘पाणी कमी’ म्हणजे नेमके किती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘एएफआय ७’ (गर्भपिशवीत बाळाभोवती असलेल्या पाण्याचा आकडा, सेंटीमीटरमध्ये) दिसले की घरात नारळपाण्याचा मारा सुरू होतो आणि सिझरची कुजबुजही. त्याआधी तो आकडा येतो कसा, हे पाहावे. बेंबीपाशी पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येकातला पाण्याचा सर्वांत खोल कप्पा उभा मोजतात आणि चारांची बेरीज करतात. प्रोब (पोटावर फिरवायचे सोनोग्राफीचे यंत्र) जरा जोरात दाबला तर बेरीज घटते. कप्प्यात नाळेचा वेढा मोजला गेला तर फुगते. त्यामुळे सकाळी ७ आणि संध्याकाळी दुसऱ्या सेंटरला ९, यात चमत्कार नाही.

५ किंवा त्याहून कमी बेरीज म्हणजे पाणी कमी. दुसरी पद्धत एकाच सर्वांत खोल कप्प्याची. तो २ सेंटीमीटरपेक्षा कमी नको. बेरजेच्या पद्धतीने जास्त बायकांवर ‘पाणी कमी’चा शिक्का बसतो, जास्त जणींना कळा आणवल्या जातात आणि बाळांचा त्यात फायदा दिसलेला नाही. म्हणून प्रत्येक रिपोर्टात हा कप्पा वेगळा लिहावा, अशी सोनोलॉजिस्ट मंडळींना विनंती.

पाचव्या महिन्यापासून हे पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. तेव्हा खरे प्रश्न तीन: पाणी गळते आहे का, वारेतून रक्त कमी जाते आहे का, बाळाच्या मूत्रपिंडात दोष आहे का? आईने दोन तासांत २ लिटर पाणी प्यायल्यास आकडा थोडा वाढू शकतो, साधे पाणीही चालते. मात्र बीपी, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर आधी विचारा. आर्जिनिनच्या पुड्या आणि अमायनो ॲसिडच्या सलाईनमागे भक्कम पुरावा नाही. बिल मात्र भक्कम.

औषधांचा प्रश्न कुणी विचारतच नाही. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक २० आठवड्यांनंतर बाळाची लघवी घटवतात. बीपीची टेल्मिसार्टन, रामिप्रिलही तेच करतात. यांतली कोणतीही गोळी चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.

गळतीची शंका असल्यास कोरडे पॅड लावून अर्धा तास पडून राहा, मग उठा. उठताच पाण्यासारखा ओघ आला आणि लघवीचा वास नसेल, तर दवाखाना गाठा. पाणी हिरवट असेल किंवा ताप असेल तर क्षणभरही थांबू नका. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजा: दोन तासांत १० झाल्या नाहीत तर सकाळची वाट पाहू नये.

बाळाची वाढ आणि डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी) ठीक असून फक्त पाणी कमी असेल, तर प्रसूती साधारण ३६-३७ आठवड्यांत करतात. तीही कळा आणून, ठोक्यांवर लक्ष ठेवून नॉर्मल होऊ शकते.

– एक प्रसूतितज्ज्ञ, सातारा