विषय: ब्लाइंड विली जॉन्सनच्या सीडी संचात भलताच गायक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाशी आत्ताच बोलून फोन ठेवला. आता लेखीच घ्या.

'संपूर्ण ध्वनिमुद्रणे' म्हणून विकलेल्या संचातली दुसरी सीडी जॉन्सनची नाहीच, ब्लाइंड विली मॅकटेलची आहे. दोघेही अमेरिकेतले अंध गायक, पण जॉन्सन टेक्सस राज्यातला. १९२७ ते १९३० मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने ३० गाणी ध्वनिमुद्रित केली, सगळी देवाधर्माची. मॅकटेल जॉर्जिया राज्यातला. तो या सीडीत मऊ आवाजात प्रेयसीची मनधरणी करतोय आणि वेष्टनावर तुम्ही छापलंय 'घोगऱ्या आवाजातली भक्ती'! मुखपृष्ठावर फोटोही मॅकटेलचाच. गिटारच्या खुंट्या मोजा, बारा भरतील; बारा तारांची गिटार मॅकटेलची. पुस्तिकेत जॉन्सनच्या मृत्यूचं साल १९५९. तेही मॅकटेलचं. जॉन्सन १९४५ सालीच गेला, टेक्ससमधल्या ब्योमाँटला, घर जळाल्यानंतर, हिवतापाने.

हे सगळं फोनवर सांगितलं. पलीकडे टकटक टाइप केल्याचा आवाज. मग म्हणे, "सर, आर्टिस्ट तर सेमच दिसतोय. ब्लाइंड पण आहे, विली पण आहे." मी म्हटलं, आडनाव? तर म्हणे, "सर, आडनावाने गाण्यात काय फरक पडतो?" वर शांतपणे विचारतो, "सीडी वाजतेय ना पण?" हो, वाजतेय. उद्या केसरबाई मागितल्या तर हिराबाई पाठवा, दोघीही 'बाई'च!

केसरबाईंचं नाव उगाच घेतलेलं नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे आणि जॉन्सनचं शब्दांविना नुसतं गुणगुणणंही. ते गुणगुणणं ऐकायला मी हा संच घेतला. ते दुसऱ्या सीडीवर असल्याचं तुमच्याच यादीत छापलंय. तिथे मॅकटेल!

तुमच्या जुन्या नाट्यसंगीताच्या कॅसेटांवर ऑर्गनवाल्याचंही नाव न चुकता असायचं. आता मुख्य गायकच बदलतो आणि कुणाला पत्ता नाही. सीडी सदोष नसल्याने बदलून मिळणार नाही, असं कळवलंत. सदोष नाही? त्यात जॉन्सनच नाही!

आठवड्याभरात खरी दुसरी सीडी पाठवा, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन, पुरावा म्हणून दोन्ही सीडी तिथे वाजवून दाखवेन. आणि पुन्हा फोन करायचाच असेल, तर आधी ऐकून मग करा.

एक ग्राहक, पुणे
(बिलाची प्रत सोबत)