जुन्या लेथचा स्टार्टर डायरेक्ट करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खंडेनवमी जवळ आलीय. उद्यमबाग, मच्छे, अनगोळ सगळीकडं मशिनी पुसून तेलपाणी करायचं सुरू होईल, लेथला, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या मशिनीला, झेंडूच्या माळा पडतील, पण त्याच लेथचा स्टार्टरचा, म्हणजे मोटर चालू-बंद करायचा, डबा मात्र कुणी उघडत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडं जुने लेथ अजून भरपूर चालतात, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे, एचएमटीचे, बटाल्याचे. बेड, गिअर सगळं दणकट. पण स्टार्टरची कॉइल, म्हणजे मोटरची लाईन धरून ठेवणाऱ्या मॅग्नेटचं वेटोळं, जळली की वायरमन येतो, तसली कॉइल मिळंना म्हणून स्टार्टर वगळून मोटर सरळ मेन स्विचवर घेतो, म्हणजेच डायरेक्ट करतो, मालक पण म्हणतो चालतंय न्हवं, मग झालं की. हे फार धोक्याचं आहे हो. लाईट जाते, लेथ चालवणारा टर्नर चकला, म्हणजे जॉब धरणाऱ्या फिरत्या जबड्याला, चावी लावून जॉब सोडवायला बसतो, मेन स्विच तसाच चालू, आणि तेवढ्यात लाईट आली की चक फिरला, चावी कुणाच्या तोंडावर बसंल सांगता येत नाही, हात गुंतला तर बोटं गेलीच. कॉइल जाग्यावर असली तर लाईट जाताच ती सुटते आणि हिरवं बटण परत दाबल्याशिवाय मोटर हलत नाही. एवढ्यासाठी तरी ती पाहिजे.

ओव्हरलोड रिलेचं, म्हणजे मोटर जास्त करंट ओढायला लागली की ती बंद करणाऱ्या भागाचं, तेच. तीनपैकी एक फेज गेला तरी फिरती मोटर थांबत नाही, घुं घुं करत दोन फेजवर ओढत राहते, करंट दीडपटीच्या वर जातो आणि वाइंडिंग जळतं. रिले मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरला लावायचा असतो, 3 एचपीला 415 व्होल्टवर साधारण 5 अँपिअर. सारखा ट्रिप होतो म्हणून लोक पार शेवटाला फिरवून ठेवतात, अरे पण का ट्रिप होतोय ते आधी बघा की, बेअरिंग जाम असंल, नायतर एखादा फेज कमी येत असंल.

दुरुस्ती काय अवघड नाही, पण ती जाणत्या वायरमनकडूनच, मेन बंद करून, फ्यूज काढून, मीटरनं तिन्ही फेज बंद आहेत हे तपासूनच. स्टार्टर भुणभुणत असला तर मॅग्नेटच्या तोंडावर गंज नायतर कचरा असतो, तो पुसा, कारण मॅग्नेट नीट बसला नाही की कॉइल जास्त करंट ओढते आणि तिथंच जळते. करंट जोडणारे चांदीचे पॉइंट काळे दिसले म्हणून कानस मारू नका, काळे पडले तरी करंट जातो, घासून चांदीच संपते. कापडी वेष्टनाची जुनी रबरी वायर वाकवली की तुकडे पडत असतील तर सगळी बदला. मशिनीच्या बॉडीला अर्थिंगच्या दोन वेगळ्या वायरी पाहिजेतच.

जुने पार्ट मिळतच नसतील तर त्याच बिडाच्या डब्यात नवा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलवर चालणारा स्विच, आणि ओव्हरलोड रिले बसवा. फक्त कॉइल घेताना व्होल्टेज बघा, दोन फेजवर चालवायची तर 415 ची, फेज-न्यूट्रलवर 230 ची, 230 ची कॉइल दोन फेजवर लावली की लगेच धूर. आमच्या इलेक्ट्रिकल दुकानदारांना पण विनंती आहे, गिऱ्हाइकानं नुसती "स्टार्टरची कॉइल द्या" म्हटलं तर व्होल्टेज विचारूनच द्या.

आपला,
एक टर्नर, उद्यमबाग, बेळगाव