सरासरीची एकटी रेषा दिशाभूल करते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मासिक अहवालातल्या आलेखावर सरासरीची आडवी रेषा ओढली की वरचे महिने चांगले आणि खालचे वाईट, असा निकाल लावून लोक मोकळे होतात. पण काही महिने सरासरीच्या खाली असणारच. तेवढ्यावरून माणसांना जाब विचारणे अन्यायाचे आहे. नेहमीचा चढउतार कुठवर जातो हे दाखवणाऱ्या आणखी दोन रेषा, एक वर आणि एक खाली, त्याच आलेखावर हव्यात.

पॉवर बीआय या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅनालिटिक्स पॅनमधून सरासरीची रेषा चटकन मिळते. चढउताराच्या रेषांसाठी मात्र स्वतः मेजर, म्हणजे हिशेबाचे सूत्र, लिहावे लागते. तिथे नुसते एव्हरेज वापरले, तर त्या त्या महिन्यातल्या बिलांची सरासरी येते आणि रेषा वाकडीतिकडी होते. आपल्याला हवी असते महिन्यांच्या बेरजांची सरासरी. त्यासाठी एकेका महिन्याची बेरीज घेऊन सरासरी काढणारे एव्हरेजएक्स घ्यावे आणि त्यात महिन्याच्या कॉलमला, निवडलेले सगळे महिने एकत्र धरणारे ऑलसिलेक्टेड लावावे. एवढे करूनही रेषा मूळ आकड्यांवरच तंतोतंत बसली, तर महिन्याचे नाव क्रमांकाच्या कॉलमने सॉर्ट केले आहे का ते पाहावे. तो कॉलमही फिल्टर म्हणून लागू राहतो. दोन्ही कॉलम ऑलसिलेक्टेडमध्ये घातले की रेषा आडवी होते. टॅब्लो या तशाच सॉफ्टवेअरमध्ये डिस्ट्रिब्यूशन बँड ओढून स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप), निवडले की काम होते.

पण खरी चूक इथेच, सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर बिनदिक्कत रेषा ओढण्यात आहे. समजा, दहा आठवड्यांच्या तक्रारी अशा आहेत: ५२, ४८, ५५, ५०, ४७, ५३, ४९, ५१, ५४, ८१. सरासरी ५४. एक्सेलच्या एसटीडीईव्ही.एस सूत्राने विचलन ९.८३ येते, म्हणून वरची मर्यादा ८३.५. म्हणजे ८१ तक्रारींचा आठवडा ‘नेहमीसारखा’ ठरला! त्या ८१नेच विचलन फुगवले आणि त्याच्याच आड तो लपला. या सूत्राने दहा आकड्यांतला एकही आकडा सरासरीपासून तीन विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही. त्यासाठी किमान अकरा आकडे लागतात.

त्याऐवजी लगतच्या आठवड्यांमधले फरक, उणे चिन्ह सोडून, घ्यावेत: ४, ७, ५, ३, ६, ४, २, ३, २७. त्यांची सरासरी ६.७८. तिला २.६६ने गुणले की सुमारे १८ येतात. मर्यादा झाल्या ३६ आणि ७२, आणि ८१ स्पष्टपणे बाहेर पडला. २.६६ म्हणजे ३ भागिले १.१२८, दोन-दोन आकड्यांच्या फरकावरून विचलनाचा अंदाज काढण्याचा हा ठरलेला स्थिरांक आहे. अशा मर्यादांच्या रेषा असलेला नियंत्रण आलेख अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ साली मांडला, इतकी ही विद्या जुनी आहे, तरी कार्यालयीन अहवालांत ती अभावानेच दिसते.

चालू, अपुरा महिना हिशेबातून वगळावा. तो सरासरी खाली ओढतो आणि पट्टा उगाच रुंद करतो. तक्रारींसारख्या मोजणीत खालची मर्यादा उणे आली तर तिथे शून्य धरावे. मर्यादा वीस-पंचवीस आकड्यांवरून एकदा काढून गोठवाव्यात. ऑलसिलेक्टेडच्या मेजरमध्ये कालावधी निवडणारा स्लायसर हलवला की रेषाही हलतात, आणि काल बाहेर असलेला बिंदू आज आत दिसतो. कामाची पद्धत खरोखर बदलली तरच मर्यादा नव्याने काढाव्यात.

आपल्या अर्थविषयक पानांवर छापल्या जाणाऱ्या आलेखांतही या दोन रेषा याव्यात, आणि त्या कोणत्या कालावधीवरून व कोणत्या पद्धतीने काढल्या हे आलेखाखाली एका ओळीत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक