काका, तुम्ही खुर्ची सरकवलीत त्याबद्दल

काका, हे समोर बसून बोलायला मला जमलं नसतं म्हणून लिहितेय.

आई गेली आणि ज्याला त्याला मला वेदान्त शिकवायची घाई झाली. एका प्रवचनकारांना हिंमत करून विचारलं की सगळं मिथ्या असेल तर माझं दुःख पण खोटंच का, तर म्हणाले देहच माया, रडतेस कशाला, आणि पुढच्या माणसाकडे वळले. ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या त्यांना तोंडपाठ होतं हो, पण घरी येताना मला माझ्याच रडण्याची लाज वाटत होती, जणू रडणं म्हणजे अडाणीपणा.

तुमच्याकडे तेव्हा छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय चालू होता. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, तत्त्वमसि, म्हणजे ते तूच आहेस, हे एकदा नाही, 9 वेळा सांगतात, कधी वडाचं बी फोडून, कधी पाण्यात विरघळलेल्या मिठावरून, पोरगा 12 वर्षं शिकून आलाय तरी परत परत विचारतो आणि बाप एकदाही चिडत नाही. आठव्या वेळी दाखला येतो मरणाऱ्या माणसाचा. भोवती बसलेले नातेवाईक विचारतात, मला ओळखतोस का, मला ओळखतोस का. मी पण आईला शेवटी हेच विचारत होते काका.

वाचता वाचता माझा आवाज अडकला. तुम्ही समजावलं नाहीत. चष्मा काढलात, पुस्तक खूण न घालताच मिटलंत, आणि टेबलापलीकडची तुमची खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणून बसलात. बऱ्याच वेळाने विचारलंत, "आई तुला काय म्हणून हाक मारायची?"

आई गेल्यापासून हे मला कोणीच विचारलं नव्हतं.

मिथ्या म्हणजे 'नाहीच' असं नाही, हे तुम्ही नंतर सांगितलंत. घडा दिसतो, पाणी भरतो, पण मातीवाचून त्याला स्वतःचं असं अस्तित्व नाही, एवढंच. दोरीवर दिसलेला साप खोटा, पण घाबरलेल्याला फुटलेला घाम पुसायलाच हवा, दिवा त्यानंतर आणायचा. व्यवहारात दुःख खरं आहे, रड तू, म्हणालात. त्या रात्री मी पोटभर रडले आणि शांत झोपले.

ज्ञान असलेली माणसं खूप भेटतात, पण समोरच्याच्या बाजूला येऊन बसणारी फार थोडी, आणि अशा माणसांच्याच जिवावर बाकीचे आपण उभे राहतो असं मला मनापासून वाटतं.

खूप खूप आभार काका. आणि हो, ज्ञानेश्वरांचा अमृतानुभव परत वाचतेय. सातव्या प्रकरणात माऊली अज्ञानच खोडून काढतात, अज्ञान मुळात नाहीच म्हणतात, मग दोरीवर साप दिसला तो कोणाला? हे अडलंय. येत्या गुरुवारी येते.