पूल व्हावेतच, पण फेरीबोटी मोडीत काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेवस-रेडी सागरी महामार्गावरील खाडीपुलांविषयीचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना मांडली गेलेली ही कल्पना चार दशकांनंतर आकार घेऊ लागली आहे, याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र या पुलांची चर्चा बहुतेक वेळा प्रवासाचे किती तास वाचणार या एकाच हिशेबाने होते. यंदाच्या मे महिन्यात आम्ही याच किनाऱ्याने सहकुटुंब मोटारीने गेलो. आमच्या घराला प्रवासाची गोडी लागली ती या रस्त्यावर, आणि ती कशामुळे लागली हे आठवल्यावर त्या हिशेबात काही राहून जाते आहे असे वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमचे साताऱ्यात किराणा मालाचे दुकान आहे. दुकानदाराच्या घरात प्रवास म्हणजे लग्नकार्य, मर्तिक नाहीतर कुलदैवताचे दर्शन, आणि तोही एसटीने. दुकान बंद ठेवून फिरायला जाणे म्हणजे आपली गिऱ्हाइके हाताने शेजारच्या दुकानात पोहोचवणे, असे माझ्या यजमानांचे ठाम मत होते. सासूबाईंनी पंढरपूर, तुळजापूर, जेजुरी केलेले. समुद्र मात्र टीव्हीवरच पाहिलेला. मुलीची दहावीची परीक्षा झाली, घरात जुनी का होईना मोटार आली होती, आणि तिच्या हट्टापायी अखेर दुकानाला कुलूप लागले.

महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरून आम्ही महाडला चवदार तळ्यापाशी थांबलो. २० मार्च १९२७ ही तारीख मुलीला तोंडपाठ होती, पण हे तळे असे भर वस्तीत, चहूबाजूंनी घरे असलेले असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे लागते, तिथेही तिने गाडी थांबवायला लावली. त्यानंतर आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि हर्णैचे बंदर पाहून आम्ही दाभोळला पोहोचलो.

दाभोळहून गुहागरला मोटारीने जायचे तर एरवी चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. २००३ सालापासून मात्र दाभोळ ते धोपावे अशी फेरीबोट सुरू आहे आणि ती माणसांबरोबर वाहनेही पलीकडे नेते. बोट यायला वेळ होता, त्यामुळे आम्हाला धक्क्यावर थांबावे लागले, आणि त्या थांबण्यातच हे गाव दिसले. बहामनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते, १५०८ मध्ये पोर्तुगिजांनी ते लुटून जाळले, हे मी वाचले होते. पण आदिलशाही काळातील ती दगडी मशीद समोर दिसल्यावर वाचलेल्याला जागा मिळाली. नव्वदच्या दशकात ‘दाभोळ प्रकल्प’ म्हणून ज्याच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरलेली असत, तो वीजप्रकल्प दाभोळला नसून खाडीपलीकडे अंजनवेलच्या बाजूला आहे, हेही आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. बोटीचा लोखंडी फळा खडखडत धक्क्यावर टेकला, खलाशाने हाताच्या खुणांनी गाडी इंच-इंच आत घेतली आणि सासूबाईंनी त्यालाच विचारले, “बाळा, ही नदी की समुद्र?” तो म्हणाला, “आजी, वाशिष्ठीच ती. भरतीला समुद्र आत येतो, ओहोटीला ती बाहेर जाते.” पलीकडे पोहोचेपर्यंत सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, बसायला सांगितले तरी बसल्या नाहीत.

यजमानांचे मन पालटले ते हेदवीला. रस्त्याकडेच्या एका अंगणात कोकम वाळत घातले होते. वर्षानुवर्षे दुकानात कोकम विकणारा हा माणूस रातांब्याचे झाड प्रथमच पाहत होता. रातांबे फोडून बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायच्या, सुकल्या की पुन्हा रसात घालायच्या, अशी पुटावर पुटे द्यायची आणि त्यात वळवाचा पाऊस आला की सगळे उचलून पडवीत पळायचे. त्या घरच्या वहिनी हे सांगत होत्या आणि यजमान तासभर प्रश्न विचारत होते. कमी पुटांचे कोकम लवकर फिके का पडते, याचा उलगडा त्यांना त्या अंगणात झाला. आता दुकानात पोते उतरले की तो माल कुठल्या गावचा, याची ते चौकशी करतात, आणि येत्या हंगामात मिरचीचा बाजार पाहायला ब्याडगीला जायचे त्यांनीच ठरवले आहे. ज्यांना गाडीतून उतरवण्यासाठी आधी आर्जवे करावी लागत, तेच आता कॅलेंडरवर जोडून येणाऱ्या सुट्ट्या शोधतात.

पुढे तवसाळहून दुसऱ्या फेरीबोटीने जयगड, तिथून गणपतीपुळे, रत्नागिरी आणि आंबा घाटाने परत, हा सगळा भाग नेहमीच्या पर्यटकांच्या परिचयाचा आहे. त्यावर लिहीत नाही.

खाडीपूल नकोत, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. फेरीबोट रात्रभर चालत नाही, आणि अपरात्री रुग्णाला पलीकडे न्यायचे असेल तेव्हा त्या गावांवर काय प्रसंग येत असेल, हे चार दिवस फिरायला आलेल्याने सांगू नये. परंतु पूल झाला की बोटीचे उत्पन्न आटेल, मग फेऱ्या कमी होतील आणि एक दिवस धक्काच ओस पडेल, ही भीती अनाठायी नाही. धक्क्यावर चहा, सोलकढी, कोकम विकणाऱ्या बायकांचा संसार पुलावरून भरधाव जाणाऱ्या गाड्यांवर चालणार नाही. तेव्हा पूल झाल्यानंतरही दिवसाच्या काही फेऱ्या चालू राहाव्यात, त्यासाठी शासनाने गरज पडल्यास अर्थसाहाय्य द्यावे, आणि प्रत्येक धक्क्यावर सावलीची शेड, पिण्याचे पाणी व गावाचा इतिहास सांगणारा मराठी फलक असावा.

स्वच्छतागृहांचा प्रश्न तर फेरीबोटींपुरता नाही. या संपूर्ण प्रवासात सासूबाई सकाळपासून घोटभर पाण्यावर राहत, कारण पुढे सोय असेल की नाही याची खात्री नसे. पेट्रोल पंपांवर ही सोय ग्राहकांना मिळायला हवी; प्रत्यक्षात एका पंपावर कुलूप होते आणि किल्ली नेमकी कोणाकडे, हे तिथल्या कोणालाच सांगता आले नाही. वयस्क स्त्रिया प्रवासाला नको म्हणतात, त्यामागे हौस नसणे हे कारण फार क्वचित असते. धक्क्यांवरील स्वच्छतागृहे स्थानिक महिला बचत गटांकडे चालवायला दिली आणि त्यांना शेजारीच विक्रीसाठी गाळा दिला, तर ती स्वच्छ राहतील आणि उघडीही राहतील. पुलांची कामे मार्गी लागत असतानाच संबंधित खात्याने ही तरतूद करून घ्यावी. कामे पूर्ण झाल्यावर त्यासाठी ना जागा उरेल, ना निधी.

आपली विश्वासू,
एक वाचक, सातारा