कोजागरीपर्यंत एक झीन

ती. आई-बाबांस, सा. न. वि. वि.

सारसबागेच्या कट्ट्यावरचे दोघे आता जिना उतरू शकत नाहीत आणि काका गेल्यापासून काकू फोनही घेत नाहीत, हे ऐकलं. भेटणं जमत नसेल तर सगळ्यांनी मिळून एक झीन करा. झीन म्हणजे घरी करून, झेरॉक्स काढून हातोहात वाटायचा छोटा अंक. बाबा, शाळेतल्या हस्तलिखितासारखाच, पण हस्तलिखिताची एकच प्रत असायची. हा प्रत्येकाच्या उशाशी राहील. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शरद आणि अंक ही जोडी आपल्याकडे आहेच. मात्र तेवढा घाट घालू नका. एक कागद, आठ पानं, बस. मोठं काही ठरवलं की अशा दिवसांत ते अर्धवट राहतं आणि त्याचंही ओझं होतं.

कागद ए-थ्री घ्या. ए-फोरची घडी घातली की पान जेमतेम ७४ बाय १०५ मिलिमीटरचं होतं, तुमच्या वयाला ते वाचवणार नाही. ए-थ्रीचं पान १०५ बाय १४८ होतं, साधारण पोस्टकार्डाएवढं. जाडी ७० ते ८० जीएसएम पुरे, म्हणजे झेरॉक्सचा साधा कागद. जाड कागद आठ पदरी झाला की घडी बसत नाही, अंक सारखा उघडत राहतो. अप्पा बळवंत चौकात सुटे कागद मिळतील. प्रती बारा काढणार असाल तर वीस आणा, चार-पाच कागद घड्यांत वाया जातातच.

आता घडी. कागद आडवा ठेवून लांब कडा जुळवून दुमडा, उघडा. मग आखूड कडा जुळवून दुमडा, उघडा. दोन्ही आखूड कडा मधल्या घडीपर्यंत आणून दुमडा, उघडा. आठ चौकटी दिसतील. पुन्हा आखूड कडा जुळवून दुमडा आणि दुमडलेल्या बाजूने, मधल्या आडव्या घडीवरून, फक्त एक चौकट लांब कापा. चूक नेमकी इथेच होते: सुट्या कडेने कात्री चालवली की कागद गेला. उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला; काप फाकतो, वरून अधिक चिन्हासारखा (+) आकार दिसतो, मग पानं एका दिशेला लपेटा. प्रत्येक घडीवरून स्टीलच्या चमच्याची पाठ फिरवा.

पानांचा क्रम डोक्यात ठेवू नका. आधी कोऱ्या कागदाचा नमुना करून पानांवर १ ते ८ आकडे घाला आणि उघडा. वरच्या ओळीत डावीकडून ५, ४, ३, २ उलटे दिसतील. खाली ६, ७, ८, १ सुलटे. मूळ प्रत, म्हणजे जिच्यावरून झेरॉक्स काढायच्या ती, त्याप्रमाणेच चिकटवायची.

आई, मजकूर मागायचं काम तू घे. ‘शरदावर काहीतरी लिहा’ असं म्हणू नकोस, दुःखातल्या माणसाला कोरा कागद जड जातो. नेमकं विचार. कोजागरीच्या दुधात तुमच्याकडे काय घालायचे? खिडकीतून आत्ता काय दिसतं? आनंदी लिहा, असा आग्रह नको. काकूंनी एकच ओळ दिली तर पानभर तेवढीच ओळ ठेव. ज्यांचा हात थरथरतो त्यांचं फोनवर ऐकून उतरवून घे. अक्षर पाच मिलिमीटर उंच, ओळी बारा, म्हणजे ६० ते ७० शब्द.

परदेशी झीनमध्ये शरद म्हणजे पानगळ. आपली पानगळ शिशिरात, म्हणून लाल पानं काढत बसू नका. आपल्याकडे ऑक्टोबरची तापलेली दुपार आहे, वेताळ टेकडीवरचं वाळत चाललेलं गवत आहे, प्राजक्ताचा सडा आहे, दसऱ्याचं आपट्याचं पान आहे. हे पान लहान असतं, एका पानावर छान मावतं. दसऱ्याची वाट न पाहता आधीच आणून वर्तमानपत्रात वजनाखाली चार-पाच दिवस दाबा. ओलं ठेवलं तर मूळ प्रत सुरकुतते. प्राजक्त पांढऱ्या कागदावर ठेवला तर झेरॉक्समध्ये पाकळ्या हरवतात, देठ तेवढे उरतात. त्याच्यामागे काळा कागद लावा, पण घडीपासून एक सेंटिमीटर दूर, कारण गडद काळी शाई घडीवर तडकून झडते. देठ नंतर प्रत्येक प्रतीत केशरी पेन्सिलीने रंगवा. घरात अडकलेल्यांना हे काम द्या, बसल्या जागी होतं.

लिहायला काळं जेल पेन. निळी शाई फिकट येते, शिसपेन्सिल त्याहून. चिकटवायला ग्लू स्टिक. फेविकॉलने कागद फुगतो. चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडांची सावली येते, तिथे व्हाइटनर फिरवा. चारही बाजूंनी एक सेंटिमीटर मोकळं सोडा, यंत्र कडेचा मजकूर खातं. झेरॉक्सवाल्याला सांगा: एकाच बाजूने आणि शंभर टक्के मापात. ‘फिट’ केलं की मजकूर आकसतो आणि घड्या शब्दांवर येतात.

घटस्थापनेला मजकूर मागा, दसऱ्याला गोळा करा. पौर्णिमेपर्यंत पाच दिवस राहतात: दोन चिकटवायला, एक झेरॉक्सला, दोन घड्या आणि रंगाला. आधी एकच प्रत काढून घडी घालून पाहा, मग बाकीच्या.

बाबा, कोऱ्या नमुन्याचा फोटो पाठवा, आकडे बरोबर आलेत का ते पाहते.

तुमची लेक